सर्व्हर डाऊन झाला की आधी वेळ लिहा, मग रिस्टार्ट करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये महिन्यातून एकदा तरी ‘सर्व्हर डाऊन’ची तक्रार असतेच, कधी दाखल्यासाठी चार खेपा मारल्या म्हणून, कधी पेन्शन अडकली म्हणून, आणि दर वेळी वाचताना मला वाटतं की ह्याला काउंटरच्या आतल्या बाजूनं कुणीतरी लिहायला पाहिजे. मी त्या आतल्या बाजूचा माणूस आहे. बावीस वर्षं झाली, सातारा-सांगली पट्ट्यात जुने डेटाबेस सर्व्हर, म्हणजे सगळ्या नोंदी ज्यात साठतात ती मशीनं, सांभाळतोय, पतसंस्था, दूध संघ, एक साखर कारखाना, दोन हॉस्पिटलं, सगळीकडे कॉन्ट्रॅक्टवर. कुणाचंच नाव घेणार नाही, कारण कुणाची बदनामी करायची नाहीये, आणि जे सांगतोय ते थोड्याफार फरकानं सगळीकडेच होतं. पत्र मोठं झालंय, पण थोडक्यात लिहिलं तर समजणार नाही, म्हणून जागा द्यावी ही विनंती.

पूर्ण बंद पडलेला सर्व्हर हा आमच्यासाठी सोपा प्रकार असतो. डिस्क गेली, पॉवर सप्लाय जळला, कळतं लगेच, बदलला की झालं. खरा त्रास देतो तो मधूनच जाणारा आणि मधूनच येणारा. दोन मिनिटं जातो, परत चालू होतो, बघायला माणूस पोचेपर्यंत सगळं सुरळीत. मग तो माणूस सर्व्हिस रिपोर्टवर ‘चेक केलं, ओके आहे’ असं लिहितो, सही शिक्का घेतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी परत तेच. असे महिने निघतात, आणि त्या महिन्यांत काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाचे जे दिवस वाया जातात त्याची नोंद कुठल्याच रिपोर्टवर नसते.

आमच्याकडच्या एका पतसंस्थेची गोष्ट सांगतो. मुख्य ऑफिसात सर्व्हर, विंडोज सर्व्हर २००८ आर-टू, त्यावर नोंदी साठवणारं डेटाबेस सॉफ्टवेअर, एसक्यूएल सर्व्हर २००८ आर-टू. वर चालणारं सॉफ्टवेअर व्हीबी-सिक्स ह्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, ज्यानं लिहिलं तो गडी कधीच पुण्याला निघून गेला, त्याची कंपनीही बंद झाली. म्हणजे पायापासून शेंड्यापर्यंत सगळंच जुनं. ह्या डेटाबेसचा कंपनीकडचा सपोर्ट ९ जुलै २०१९ ला संपला आणि त्या विंडोजचा १४ जानेवारी २०२० ला. तरी ते चालू आहे, कारण त्यात सभासदांची चौदा वर्षांची खाती आहेत, कर्जाचे हप्ते आहेत, आणि नवीन सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं पैशापैशाला जुळवून न्यायचं म्हणजे वर्षभराचं काम आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की एवढं जुनं ठेवलंय म्हणजे हलगर्जीपणा, पण आत बसलेल्याला माहीत असतं की घाईत हलवलेल्या डेटात एखाद्या म्हातारीची ठेव हरवली तर ती परत शोधून कोण देणार.

तर झालं असं की दिवाळीपासून काउंटरवरचे कॉम्प्युटर मधूनच अडकायला लागले. पासबुक भरताना, पैसे देताना, कधीही. स्क्रीनवर मेसेज यायचा, ‘एसक्यूएल सर्व्हर डझ नॉट एक्झिस्ट ऑर ॲक्सेस डिनाईड’. काउंटरला डेटाबेसशी जोडणाऱ्या जुन्या ड्रायव्हरचा हा मेसेज फार घात करतो, कारण तो एकाच वाक्यात दोन भलत्याच गोष्टी सांगतो, सर्व्हर नाहीच आहे किंवा तुला परवानगी नाही. बहुतेक वेळा अर्थ एवढाच असतो की सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही. पण मॅनेजर साहेबांनी त्यातलं ‘ॲक्सेस डिनाईड’ वाचलं आणि काउंटरवर नवीन लागलेल्या मुलीला सगळ्यांसमोर बोलले की पासवर्ड चुकीचा टाकतेस. ती बिचारी महिनाभर पासवर्ड टाकताना घाबरत टाकायची. मला हे नंतर कळलं आणि आजही त्याचं वाईट वाटतं, कारण तिचा काडीचा दोष नव्हता.

मग सुरू झाली नेहमीची ढकलाढकली. सॉफ्टवेअर बघणारा म्हणतो नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, नेटवर्कवाला म्हणतो पिंग (म्हणजे सर्व्हरला ‘आहेस का’ विचारून उत्तर बघणं) तर व्यवस्थित होतंय, तुमचं सॉफ्टवेअर जुनं झालंय. इंटरनेटवाल्यालासुद्धा बोलावलं, खरंतर ऑफिसच्या आत कॉम्प्युटर ते सर्व्हर ह्यात इंटरनेटचा संबंधच नाही, तो आला, राउटर बदलून गेला. कुणी नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळ्या केबली जिथे जोडतात तो डबा, बदलला. कुणी सगळ्या केबलींची टोकं नवीन क्रिंप केली. आणि रोज दोन-तीनदा रिस्टार्ट. कॉम्प्युटर रिस्टार्ट, स्विच रिस्टार्ट, शेवटी सर्व्हर रिस्टार्ट, तो उठायला वीस-पंचवीस मिनिटं घ्यायचा आणि तेवढा वेळ बाहेर रांग उभी.

ह्या रिस्टार्टबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण पत्र लिहायचं मुख्य कारण तेच आहे. रिस्टार्ट केलं की चालू होतं हे खरं आहे, म्हणून तर लोक करतात. पण रिस्टार्ट केलं की पुरावा जातो. त्या क्षणी कोणती कनेक्शनं उघडी होती, कोण कुणाला अडवत होतं, मेमरीत काय होतं, सगळं पुसलं जातं. आणि एसक्यूएल सर्व्हरची अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, त्याची एरर लॉगची, म्हणजे बिघाडांच्या नोंदींची, फाईल प्रत्येक वेळी सर्व्हिस चालू झाली की नवीन होते आणि जुन्या फायली मूळ सेटिंगला फक्त सहाच ठेवल्या जातात. म्हणजे आठवड्यात सात वेळा रिस्टार्ट केलं की पहिल्या बिघाडाच्या वेळची फाईल गेलीच. मी तिथे पोचलो तेव्हा सगळ्यात जुनी फाईल चार दिवसांपूर्वीची होती, आणि त्रास सुरू होऊन साडेतीन महिने झाले होते. साडेतीन महिन्यांचा इतिहास आम्ही आमच्याच हातानं पुसून टाकला होता.

मी पहिल्या दिवशी एकच केलं. शंभर पानी वही आणली, रेघा मारल्या, आणि तीन काउंटरच्या मधे ठेवली. अडकलं की वेळ लिहायची, कोणता काउंटर, स्क्रीनवर काय मेसेज आला, बाकीचे काउंटर चालू होते का, आणि किती वेळानं आपोआप चालू झालं. रिस्टार्ट करायचंच असेल तर आधी हे लिहायचं, मग करायचं. लिहायची जबाबदारी त्याच नवीन मुलीनं घेतली आणि तिनं ती वही इतकी नेटकी ठेवली की मी आजही बाकी ठिकाणी नमुना म्हणून दाखवतो. पहिल्याच दिवशी एक अडचण आली, तिघांच्या कॉम्प्युटरची घड्याळं वेगवेगळी, कॅशिअरचा सात मिनिटं पुढे, सर्व्हर स्वतःच तीन मिनिटं मागे. घड्याळंच जुळत नसतील तर कुठली घटना आधी आणि कुठली नंतर हे कसं कळणार? ती आधी जुळवून घेतली. सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढले त्यात घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल ह्या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असं स्पष्ट सांगितलेलं आहे, तो नियम आहे सायबर सुरक्षेसाठी, पण साधा रोजचा बिघाड शोधायलाही तेच लागतं.

आठ दिवसांत वहीत तेवीस नोंदी झाल्या. सकाळी दहा-सव्वादहाला दोन-तीन, बाकीच्या दिवसभर विखुरलेल्या. एकदा अडकायला लागलं की पाच-दहा मिनिटं येत-जात राहायचं. कधी एकच काउंटर अडकायचा, कधी दोन, तिन्ही एकदम क्वचितच. हे महत्त्वाचं होतं, कारण सर्व्हरच थकला असता तर तिन्ही एकदम अडकले असते. पण वेळांना काही अर्थ लागेना. मी वही घेऊन बसलो होतो आणि चहा घेऊन आलेल्या मावशी सहज म्हणाल्या, “साहेब, लाईट येऊन-जाऊन झाली की होतंय बघा हे.” मी म्हटलं मावशी, सर्व्हर आणि काउंटर सगळे यूपीएसवर आहेत, लाईटचा काय संबंध. त्या म्हणाल्या, “मला काय माहीत, पण माझा गिझर बंद पडला की पाचेक मिनिटात आत आरडाओरडा सुरू होतो.” मी दुसऱ्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढवला, लाईट. चार दिवसांत दिसलं की सकाळच्या नोंदी सोडल्या तर बाकीची प्रत्येक नोंद लाईट परत आल्यानंतरच्या काही मिनिटांतली होती. यूपीएसमुळे आत बसलेल्या कुणालाच लाईट गेल्याचं कळत नव्हतं. कळत होतं फक्त मावशींना, आणि त्यांना साडेतीन महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं.

म्हणजे लाईटवर बंद-चालू होणारं, यूपीएसवर नसलेलं काहीतरी ह्या नेटवर्कला लागलेलं होतं. तीन नंबरच्या काउंटरवर मी सर्व्हरला सतत पिंग लावून ठेवलं, वेळेसकट एका फाईलमध्ये. दुपारी लाईट गेली, आली, आणि फाईलमध्ये दिसलं की पिंगला उत्तर येतंच आहे, एकही चुकलं नाही, फक्त टीटीएलचा आकडा, जो वाटेतला प्रत्येक राउटर एकनं कमी करतो, १२८ होता तो ६४ झाला. थोड्या वेळानं परत १२८. मी जागेवर उभाच राहिलो. विंडोजच्या मशीनकडून उत्तर आलं की तो आकडा १२८ पासून सुरू होतो, लिनक्सवर चालणारी छोटी मशीनं असतात त्यांच्याकडून ६४ पासून, आणि एकाच ऑफिसात मधे राउटर नसतो म्हणून तो कमी होत नाही. म्हणजे त्या वेळात पिंगला उत्तर देणारा सर्व्हर नव्हताच, दुसरंच कुणीतरी सर्व्हरच्या नंबरवर बसून ‘मी आहे, मी आहे’ म्हणत होतं. नेटवर्कवाला खोटं बोलत नव्हता, पिंग खरंच व्यवस्थित होत होतं. फक्त उत्तर कोण देतंय ते कुणी बघितलं नव्हतं.

ज्यांना ह्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आयपी नंबर म्हणजे पत्ता, तो आपण देतो. आणि प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक मॅक नंबर येतो, तो त्याचा स्वतःचा. काउंटरला सर्व्हरशी बोलायचं असलं की तो आधी सगळ्यांना ओरडून विचारतो, १९२.१६८.१.२०१ कोण आहे, आणि जो मी म्हणेल त्याचा मॅक नंबर लक्षात ठेवतो. दोघांचा पत्ता एकच असला तर दोघंही मी म्हणतात. ज्या काउंटरनं सर्व्हरचं उत्तर धरलं तो चालू, ज्यानं दुसऱ्याचं धरलं तो अडकला, कारण त्या दुसऱ्या मशीनवर १४३३ पोर्टवर, म्हणजे एसक्यूएलच्या ठरलेल्या दारावर, ऐकणारा एसक्यूएल सर्व्हर नाहीच. एकदा बोलणं सुरू झालं की काउंटर आपला जुनाच मॅक धरून राहतो म्हणून दिवसभर काही होत नाही, पण सकाळी कॉम्प्युटर नव्यानं सुरू झाले की परत नशिबाचा खेळ, आणि लाईट येऊन ते दुसरं मशीन नव्यानं उठलं की ते स्वतःहून सगळ्यांना सांगतं की २०१ मीच, तेव्हा चालू असलेले काउंटरही फसतात. वहीतल्या सकाळच्या नोंदी आणि लाईटच्या नोंदी दोन्ही ह्यात चपखल बसल्या.

कोणत्या आयपीला कोणता मॅक हे कॉम्प्युटर ज्यात लक्षात ठेवतो त्या एआरपीच्या यादीत तो परका मॅक नंबर मिळाला, मग स्विचमधून एकेक केबल काढत गेलो, एक केबल काढली आणि ६४ वालं उत्तर थांबलं. ती केबल भिंतीतून व्हरांड्यात जात होती, दारापाशी लावलेल्या हजेरीच्या बायोमेट्रिक मशीनला. दिवाळीच्या आधी बसवलेलं. कंपनीतून येतानाच त्यात जो नंबर असतो तो २०१ होता, बसवणाऱ्यानं तो तसाच ठेवला, आणि आमच्या सर्व्हरलाही कुणीतरी चौदा वर्षांपूर्वी २०१ च दिलेला होता. व्हरांड्यातल्या साध्या प्लगवर होतं म्हणून लाईटबरोबर बंद-चालू व्हायचं. मशीनचा नंबर बदलून ६० केला. दोन मिनिटांचं काम, एक रुपया खर्च नाही.

मग मी सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमधला, म्हणजे विंडोज स्वतःच्या नोंदी दाखवतं तिथला, सिस्टीमचा लॉग उघडला, जो एसक्यूएलच्या लॉगसारखा रिस्टार्टला पुसला जात नाही. त्यात ४१९९ नंबरच्या नोंदी होत्या, पाच-दहा नव्हे, स्क्रोल करत जावं इतक्या. ती नोंद काय सांगते, तर ह्या आयपी नंबरवर दुसरं मशीन आहे, आणि त्या मशीनचा मॅक नंबर अमुक. उत्तर तिथे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. सॉफ्टवेअरवाल्यानं एसक्यूएलचा लॉग बघितला, नेटवर्कवाल्यानं स्विचचे दिवे बघितले, मीसुद्धा आधी एसक्यूएलच्या लॉगमध्येच डोकं घातलं, विंडोजचा लॉग उघडायचं काम कुणाचंच नव्हतं. एक खूण तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून गेली होती, एकदा सर्व्हर रिस्टार्ट केल्यावर तो १६९.२५४ नं सुरू होणारा भलताच आयपी घेऊन उठला होता, म्हणजे विंडोजनं स्वतः तपासलं की २०१ वर कुणीतरी बसलंय आणि तो पत्ता सोडून दिला. तेव्हा कुणीतरी केबल काढून परत लावली, चालू झालं, विषय संपला. लिहून ठेवलं असतं तर त्याच दिवशी संपलं असतं.

आणि हे सगळं चालू असताना संचालक मंडळापुढे नवीन सर्व्हरचं साडेचार लाखांचं कोटेशन मंजुरीला आलेलं होतं. जुना झालाय म्हणून त्रास देतोय, नवीन घ्या. घेतला असता, त्यालाही सवयीनं २०१ नंबर दिला असता, कारण सगळ्या काउंटरच्या सेटिंगमध्ये तोच आहे, आणि पहिल्या लाईटला तोही अडकला असता. मी जुन्याच्या बाजूनं बोलत नाहीये. सपोर्ट संपलेल्या सर्व्हरवर लोकांचे पैसे ठेवणं धोक्याचं आहे आणि तो हलवायलाच पाहिजे, मी स्वतः त्या संस्थेत आता ते काम करतोय. पण बिघाड शोधल्याशिवाय हलवलं तर बिघाडही सोबत नव्या घरात येतो.

आता कुणी म्हणेल की रिस्टार्ट कधीच करू नये का. तसं नाही. साखर कारखान्यात एकदा उलटं झालं. तिथला सर्व्हर जनरेटरवर, कधीच बंद पडायचा नाही, सगळ्यांना त्याचा अभिमान. ऐन गळिताच्या हंगामात नवीन कनेक्शनं घ्यायचा बंद झाला, आधी अधूनमधून, मग वारंवार, वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. नेटस्टॅट ही कनेक्शनांची यादी दाखवणारी कमांड लावून बघितलं तर हजारो कनेक्शनं ‘टाईम वेट’ ह्या, म्हणजे काम संपलं पण अजून सुटलं नाही अशा, अवस्थेत अडकलेली, जी काही मिनिटांत सुटायला पाहिजेत ती सुटतच नव्हती. सर्व्हर किती दिवस चालू आहे ते बघितलं, ४९७ च्या वर. त्या काळातल्या विंडोजमध्ये, म्हणजे व्हिस्टा, सेव्हन, सर्व्हर २००८ आणि २००८ आर-टू, हा दोष खरोखर होता, सुरू झाल्यापासून ४९७ दिवस झाले की टाईम वेटमधली पोर्टं सुटायची बंद होतात. आकडा विचित्र वाटतो पण हिशोब साधा आहे, ३२ बिटांच्या मोजणीत सेकंदाचे शंभरावे भाग मोजत गेलं की ४९७ दिवस आणि वर थोडे तास झाल्यावर मोजणी भरते आणि परत शून्यावर येते. मायक्रोसॉफ्टनं त्यावर दुरुस्तीही काढली होती, पण ती टाकायची तर रिस्टार्ट करावं लागणार आणि हंगामात सर्व्हरला हात लावायचा नाही म्हणून ती राहिली. तिथे रिस्टार्ट हाच उपाय होता. पण आम्ही आधी नेटस्टॅटचं सगळं आउटपुट फाईलमध्ये घेतलं, दोन मिनिटं लागली, आणि मग केलं, म्हणून तर कारण कळलं. नाहीतर ‘रिस्टार्ट केल्यावर चालू झालं’ एवढंच राहिलं असतं आणि पुढच्या ४९७ दिवसांनी परत गाड्यांची रांग.

हॉस्पिटलमधलं उदाहरण थोडक्यात सांगतो. तिथे जुना ओरॅकल, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा डेटाबेस, लॅबचं काउंटर दुसऱ्या इमारतीत, मधे नेटवर्कवरची ये-जा तपासणारा फायरवॉल. रोज जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला पेशंट अडकायचा, रिपोर्ट निघायचा नाही. कारण एवढंच की अर्धा तास कुणी काही बोललं नाही की फायरवॉल ते कनेक्शन विसरून जायचा, आणि दोन्ही टोकांना वाटायचं की अजून चालू आहे, कारण ऑपरेटिंग सिस्टीम जिवंत आहेस का असं विचारते ते मूळ सेटिंगला दोन तासांनी. ओरॅकलमध्ये त्यासाठी एक ओळ टाकता येते, दर दहा मिनिटांनी विचारत जा म्हणून. टाकली, संपलं. पण ती ओळ टाकायच्या आधी पाच महिने रोज दुपारी एक आजारी माणूस बाकावर ताटकळत बसत होता, आणि तो रोज वेगळा माणूस असल्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही की हे रोज होतंय. वेळ लिहिली असती तर दोन वाजून पाच, दोन वाजून तीन, दोन वाजून सात असं एकाखाली एक दिसलं असतं आणि शाळेतल्या पोरानंही सांगितलं असतं.

संपादक साहेब, माझं संस्थांना एवढंच मागणं आहे की काउंटरवर ही वही ठेवा आणि ती लिहिणाऱ्याला पाच मिनिटं द्या. आत्ता काय होतं, अडकलं की त्या मुलीवर एकीकडून रांग ओरडते आणि दुसरीकडून साहेब, तिला लिहायला उसंत कुठे. सर्व्हर रूमच्या दारावर कोणत्या मशीनला कोणता आयपी नंबर आहे ती यादी लावा, आणि हजेरीचं मशीन असो, सीसीटीव्हीचा डीव्हीआर असो, नवीन प्रिंटर असो, बसवणाऱ्याला ती यादी दाखवल्याशिवाय केबल जोडू देऊ नका. सर्व्हिस रिपोर्टवर ‘ओके’ लिहिलेलं असेल तर सही करू नका, काय बघितलं आणि काय सापडलं ते लिहून घ्या, काही सापडलं नाही तर ‘सापडलं नाही’ असं लिहून घ्या, त्यातही लाज काही नाही.

आणि वाचकांना, म्हणजे रांगेत उभे राहणाऱ्यांना सांगतो, सर्व्हर डाऊन आहे म्हटल्यावर चिडू नका असं मी म्हणणार नाही, तुमचा दिवस गेलेला असतो. त्या पतसंस्थेत एक आजोबा बारा किलोमीटरवरच्या वस्तीवरून एसटीनं यायचे, बायकोच्या औषधासाठी स्वतःच्याच ठेवीतले पैसे काढायला, आणि साडेतीन महिन्यांत ते चार वेळा रिकाम्या हातानं परत गेले हे मला वहीमुळे नाही, त्यांनीच सांगितल्यामुळे कळलं. त्यांना फक्त एवढं विचारावंसं वाटायचं की किती वाजल्यापासून बंद आहे आणि मी थांबू की जाऊ. हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विचारा, किती वाजता गेलं, कुठे लिहिलंय का. दहा जणांनी विचारलं की अकराव्या दिवशी वही येईल.

ज्यांच्या ऑफिसात आत्ता असा मधूनच जाणारा सर्व्हर आहे त्यांच्यासाठी शेवटचं. उद्या सकाळी एका काउंटरवरून सर्व्हरला पिंग लावून ठेवा, बाजूला चालू राहू दे, आणि उत्तर येतंय का एवढंच बघू नका, टीटीएलच्या पुढचा आकडा बघत राहा. तो मधेच बदलला तर सर्व्हरला हात लावू नका, त्याच क्षणी एआरपीची यादी फाईलमध्ये घ्या, घड्याळात वेळ बघून लिहा, आणि लाईट येऊन गेली का ते चहावाल्या मावशींना विचारा.

आपला,
एक डेटाबेस सांभाळणारा वाचक,
जि. सातारा